ईशज्ञानाचं पहिलं वर्ष आणि सीनियरच्या नोट्स

यंदा ईशज्ञानाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमाला बसणाऱ्यांनो, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर झेरॉक्सचा गठ्ठा हातात ठेवेल. घ्या, पण शेवटची शब्दार्थांची यादी फाडून टाका. मी कॅम्पातल्या दुकानात ती हौसेने स्पायरल करून घेतली होती. तिनेच मला बुडवलं.

यादी ग्रीक शब्दांचे अर्थ सांगायची: उसिया म्हणजे तत्त्व, हुपोस्टासिस म्हणजे व्यक्ती; आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे एक तत्त्व, तीन व्यक्ती. घोकलं. मग 325 सालच्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा, वाचायला घेतला. त्याच्या शेवटी, पुत्र पित्याहून वेगळ्या ‘हुपोस्टासिसचा किंवा उसियाचा’ आहे असं म्हणणाऱ्यांचा धिक्कार आहे. यादी लावली, तर परिषद त्रैक्य मानणाऱ्यांनाच झोडपतेय असा अर्थ निघाला! मी तसं ठासून चार पानं लिहिलं. सरांनी समासात एवढंच लिहिलं, ‘कोणत्या साली?’

सगळी गोम सालातच होती. 325 मध्ये हे दोन शब्द जवळपास एकाच अर्थाने चालत. त्यांची नीट फारकत केली ती पुढे बासिल आणि दोन ग्रेगरी या चौथ्या शतकातल्या बिशपांनी. मधल्या काळात ‘एक हुपोस्टासिस’वाले आणि ‘तीन’वाले एकमेकांवर संशय घेत होते. 362 ला अलेक्झांड्रियाच्या सभेत तिथला बिशप अथनेशियस याने दोघांनाही विचारलं, तुम्हाला म्हणायचंय काय? श्रद्धा एकच निघाली. एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे असतात, त्यासाठी आपली ‘माया’ घ्या. वेदान्तातली माया सुटावी लागते, आजीची माया मात्र कितीही मिळाली तरी कमीच वाटते. ‘माया = भ्रम’ हे आजीला लावलं तर जे होईल, ते मी निकेयाचं केलं. शिवाय मराठीत ‘व्यक्ती’ म्हटलं की तीन माणसंच डोळ्यांपुढे येतात, तो घोळ वेगळाच.

तेव्हा प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने लिहा: कोण म्हणतोय, कधी. ‘मला पाळक व्हायचंय, इतिहास कशाला’ असं म्हणणार असाल तर फी वाचवा. आयती उत्तरं देणाऱ्या मार्गदर्शकाच्याही नादी लागू नका. समासात प्रश्न लिहिणारा खडूस शोधा.

घाबरू मात्र नका. माझे तीन आठवडे वाया गेले, तरी पास झालो. ग्रीकची अक्षरं चोवीसच आहेत, पंधरवड्यात येतात. इथून जवळच केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. आपल्याला नुसता कोश उघडायचाय. नोट्स मागायला माझ्याकडे येऊ नका. रद्दीत गेल्या, स्पायरलसकट.