सेट बांधून झाले, आता पुढे? लेगो ब्रिक्समधला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा कसा उभारायचा

तिशी-चाळिशीत लेगोचं वेड लागलेल्या सगळ्यांचं साधारण सारखंच होतं. आधी एखादी छोटी गाडी, मग १८+ लिहिलेला मोठा डबा, मग दिवाळी बोनसमधून अजून एक, आणि एक दिवस कपाटावरची जागा संपते. तेव्हा वाटायला लागतं की आपण नुसतं पुस्तिकेत बघून ठोकळे लावतोय, आपलं असं यात काहीच नाही. भारतातलं म्हणून ताजमहालाचा सेट आहे, २००८ चा, ५९२२ तुकड्यांचा, पुढे २०१७ मध्ये परत आला, पण शनिवारवाड्याचा डबा कुणी काढेल याची वाट बघत बसू नका. तो आपणच बांधायचा.

आणि पहिल्यांदाच स्वतःचं करताय तर अख्खा शनिवारवाडा अजिबात नको. फक्त दिल्ली दरवाजा, दोन बाजूंचे बुरूज आणि वरचा नगारखाना, बास. वाड्याचा पाया १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची, आणि आतले बहुतेक महाल १८२८ च्या आगीत गेले, त्यामुळे आत नक्की काय होतं यावर घरातल्या इतिहासप्रेमी काकांशी वाद घालायची वेळ येत नाही, बाहेरचं मात्र कधीही जाऊन बघता येतं. एका रविवारी सकाळी जा आणि समोरून, तिरके, दाराच्या जवळून असे भरपूर फोटो काढा. फोटोत एखादा माणूस दारापाशी उभा असलेला हवाच, मापासाठी लागतो.

रंग तीनच ठेवायचे: गडद राखाडी, फिका राखाडी, लालसर तपकिरी. नवीन माणूस इथेच गडबडतो, हौसेने बारा रंगांचे ठोकळे गोळा करतो आणि कुठल्याच रंगात एक भिंत पुरी होत नाही. कमी रंग आणि भरपूर माल, हे एवढं पाळलं तर निम्मं काम झालं.

माल कुठून आणायचा? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मुलं मोठी झाली, खेळणी द्यायची आहेत" असा मेसेज आला की लगेच हात वर करायचा, लाजायचं नाही. त्यात मिश्र रंगांचा ढीग मिळतो आणि तो आपल्याला भिंतीच्या आतल्या भरावाला लागतोच. नेमके तुकडे हवे असतील तर ब्रिकलिंक, जगभरचे छोटे दुकानदार तिथे सुटा माल विकतात, २०१९ पासून ती साइट लेगोच्याच मालकीची आहे. फक्त बाहेरून मागवताना कस्टम्सचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, वर बाकीचे टॅक्स आणि कुरियर, तेव्हा ऑर्डर द्यायच्या दिवशीचा दर बघून मगच बटण दाबा. म्हणून बाहेरून फक्त अडलेले तुकडे मागवायचे, साधे ठोकळे इथेच जमवायचे. कॉम्पॅटिबल ब्रँडचे चालतील का असं सगळे विचारतात. लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, ते कधीच संपलंय, त्यामुळे तसेच ठोकळे बनवायला कुणालाच आडकाठी नाही, आणि आतल्या भरावाला बिनधास्त वापरा. दर्शनी भागात मात्र नको, राखाडी जुळत नाही. अहो खुद्द लेगोचाच राखाडी २००४ च्या सुमारास बदललाय, जुना जरा पिवळसर आहे आणि नवा निळसर, सेकंडहँड ढिगात दोन्ही एकत्र येतात आणि ट्यूबलाइटखाली कळत नाहीत. खिडकीशी दिवसाउजेडी वेगळे करा.

आलेला माल आधी धुवायचा. भाजीच्या जाळीच्या पिशवीत भरून कोमट पाण्यात, भांड्यांचं लिक्विड थोडंसं, पाणी ४० अंशांच्या वर नको, आणि वॉशिंग मशीन तर मुळीच नको. मग जुन्या सुती साडीवर पसरून पंख्याखाली ठेवा, स्टडचं (ठोकळ्याच्या डोक्यावरच्या गोल उंचवट्यांचं) तोंड खाली करून, म्हणजे आतल्या नळ्यांमध्ये अडकलेलं पाणी सुकतं. जुलै-ऑगस्टमध्ये याला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या, ओलसर माल डब्यात बंद केला की वास येतो. उन्हात वाळवायचा मोह होईल, पण रंग उन्हानेच पिवळा पडतो.

वेगळं करताना रंगाने नाही, आकाराने करायचं. सुरुवातीला हे उलटं वाटतं पण विचार करा, राखाडी ढिगात एक राखाडी १×१ (एक स्टड लांब, एक स्टड रुंद) शोधणं म्हणजे डोळे फुटतात, उलट सगळ्या रंगांच्या १×१ मध्ये राखाडी लगेच दिसतो. डब्यांसाठी महागडे ऑर्गनायझर नकोत, पुण्यात असाल तर बोहरी आळीत खणांचे प्लास्टिकचे डबे ढिगाने मिळतात. तुकड्याचं नाव माहीत नसेल तर उलटा करून बघा, आतल्या बाजूला बारीक अक्षरात नंबर असतो, २×४ चा ३००१, १×२ चा ३००४, तोच नंबर ब्रिकलिंकवर टाकायचा. रंगांची नावं मात्र तिथली वेगळी आणि लेगोची वेगळी, लेगो ज्याला मीडियम स्टोन ग्रे म्हणतं तो तिथे लाइट ब्लुइश ग्रे, तेव्हा नाव नाही, फोटो जुळवा.

आता माप. हा भाग कंटाळा न करता वाचा, पुढचं सगळं यावर आहे. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत ८ मिमी. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, प्लेटची, म्हणजे पातळ चपट्या तुकड्याची, ३.२, म्हणजे तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. आणि सगळ्यात कामाचं गणित: पाच प्लेटी म्हणजे १६ मिमी, म्हणजे बरोबर दोन स्टड. यामुळेच तुकडे आडवे करून, स्टड समोर तोंड करून लावता येतात आणि तरी सगळं नीट बसतं.

मिनिफिगर, म्हणजे लेगोचा छोटा माणूस, साधारण ४ सेंटिमीटरचा. तो साडेपाच फुटी माणूस धरला तर प्रमाण १:४२ च्या आसपास येतं. या हिशोबाने २० फुटी भिंत साडेचौदा सेंटिमीटर, म्हणजे १५ ठोकळे उंच. पाया ४८×४८ ची बेसप्लेट, ३८.४ सेंमी. मधले २० स्टड दरवाजा आणि चौकटीला, उरलेले १४-१४ दोन्ही बुरुजांना. आधी सगळं स्टुडिओमध्ये मांडून बघा, ब्रिकलिंकचंच फुकट सॉफ्टवेअर आहे, किती तुकडे लागतील ते तेच मोजून देतं.

दारावर मात्र वेळ घालवा, कारण बघणारा पहिल्यांदा तिथेच बघतो. खऱ्या दाराच्या एकेका फळीवर हत्तीच्या टकरीला दाद देऊ नये म्हणून लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, ९ ओळी, ओळीत ८, असे ७२. आपल्या मापात एक फळी ८ स्टड रुंद येते, म्हणजे एका स्टडवर एक खिळा असं तंतोतंत बसतं, हे गणित जुळलं की जाम भारी वाटतं! तपकिरी प्लेटींची फळी बनवा आणि स्टड समोर येतील अशी उभी करा. प्रत्येक स्टडवर १×१ ची गोल प्लेट, पण ती मधे भोक असलेली, ओपन स्टडवाली घ्या, आणि त्या भोकात छोटं शिंग खोचा, प्राण्यांच्या शिंगासाठी किंवा नखांसाठी जो तुकडा येतो तोच. दोन फळ्यांना १४४ शिंगं लागतात, खर्च वाचवायचा असेल तर एक स्टड सोडून एक लावा किंवा शिंगाऐवजी १×१ चा कोन (शंकूच्या आकाराचा तुकडा) लावा, लांबून फरक कळत नाही. उजव्या फळीत दिंडी दरवाजा विसरू नका, दोन स्टड रुंद पुरतो.

फळीची उंची ९ ओळी आहेत म्हणून ९ स्टड ठेवाल तर फसाल. ९ स्टड म्हणजे ७२ मिमी, म्हणजे साडेबावीस प्लेटी, आणि अर्धी प्लेट कुठून आणणार. १० स्टड ठेवा, ८० मिमी, पंचवीस प्लेटी, म्हणजे आठ ठोकळे आणि एक प्लेट, बाजूच्या चौकटीशी बरोब्बर मिळतं. जास्तीची एक ओळ खाली बिनखिळ्याची सोडा. फळी चौकटीला धरायला एका बाजूला स्टड असलेले १×१ ठोकळे वापरा, नंबर ८७०८७, पाच थरांच्या अंतराने, कारण पाच ठोकळे म्हणजे ४८ मिमी, बरोबर सहा स्टड.

वरची कमान टोकदार आहे आणि तशी तयार कमान मिळत नाही, गोल मिळते, पण गोल लावली की चर्च वाटतं. उलटे स्लोप, म्हणजे खालची बाजू तिरकी असलेले ठोकळे, वापरा. दोन्ही बाजूंनी आधी ४५ अंशांचे दोन थर, ते एकेक स्टड आत येतात, मग ३३ अंशांचे लांबट तीन थर, ते दोन-दोन स्टड. एका बाजूने आठ, दुसऱ्या बाजूने आठ, सोळा स्टडची फट मधोमध मिटते. खाली उभी, वर पसरट, असा आपल्याकडचा आकार आपोआप येतो. प्रत्येक थराचं शेपूट मागच्या भिंतीत नीट अडकवा, नाहीतर वरचा थर दाबताना सगळं हातात येतं, आणि शेवटी माथ्यावरून एक लांब प्लेट आडवी टाका. दाराचे आठ थर, कमानीचे पाच, वर दोन, झाले की पंधरा.

भिंती दुहेरी करा. बाहेरची कातडी राखाडी, आत तो सोसायटीवाला रंगीबेरंगी भराव. सांधेमोड करायचीच, गवंडी करतो तशी, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये. नुसते गुळगुळीत ठोकळे लावले की भिंत बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसते म्हणून मधेमधे विटांचा पोत असलेले १×२ टाका, नंबर ९८२८३, पण मोजकेच.

बुरुजाला सोपी युक्ती आहे. १×२ चा साधा ठोकळा आणि १×१ चा गोल ठोकळा असे आळीपाळीने लावत जा, वरच्या थरात जागा बदलून. अशी भिंत गोल ठोकळ्यापाशी थोडी थोडी वळते आणि चक्क कवेत घेतल्यासारखी वाकते. जोर लावून वाकवायची नाही, जेवढी सहज वळेल तेवढीच, ताण राहिला तर काही महिन्यांनी तुकडे तडकतात.

नगारखाना लाकडी, सगळा तपकिरी. खांब सुरूदार करायला गोल १×१ वर कोन, वर परत गोल. एक सांगून ठेवतो, जुन्या मालातला लालसर तपकिरी रंग ठिसूळ असतो, नुसता काढताना तुटतो, म्हणून इथे नवा माल वापरा आणि काढायला नखं-दात नकोत, ब्रिक सेपरेटर घ्या, मोठ्या सेटमध्ये नारिंगी रंगाचा मिळतो तो.

नगारखाना, दरवाजा आणि दोन बुरूज असे चार वेगळे भाग ठेवा, एकमेकांत दोन-चार स्टडनेच अडकतील असे. घर बदलताना किंवा कुणाला दाखवायला न्यायचं असेल तर भाग सुटे करून बूट ठेवायच्या खोक्यात जुने टॉवेल घालून न्यायचे, रिक्षातही टिकतं. घरात खिडकीपासून लांब ठेवा, सीलिंग फॅनच्या बरोब्बर खाली नको, आणि धूळ झटकायला मेकअपचा मऊ ब्रश, तो मात्र स्वतःचा वेगळा विकत आणा.