बुडती विमान कंपनी विकत घ्यावी का? केस मांडताना या चुका टाळा

नाशिकमध्ये एमबीएच्या मुलांना मी केस स्टडी शिकवतो. दर वर्षी एक केस ठरलेली असते. बाजारातली दुसऱ्या क्रमांकाची विमान कंपनी आणि तिच्यासमोर कर्जात रुतलेली चौथ्या क्रमांकाची कंपनी. घ्यावी की सोडून द्यावी? आठ-दहा गट मांडणी करतात आणि बहुतेक सगळे त्याच त्या चार-पाच ठिकाणी घसरतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत परीक्षकही नेमकं तिथेच बोट ठेवतात. मेहनत करणारी पोरं एवढ्याशा गोष्टीवर मागे पडतात याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून दुरुस्तीसकट लिहून ठेवतोय.

विमानं मालमत्तेत धरू नका

गेल्या वर्षी एका गटाच्या एक्सेल शीटमध्ये मालमत्तेखाली पहिलीच ओळ होती, ‘विमाने – ४२’. पुढे बाजारभाव, खाली बेरीज, आणि त्या बेरजेच्या जोरावर ‘सौदा स्वस्त आहे’ असा निष्कर्ष. केसच्या परिशिष्टात बारीक अक्षरांत दिलं होतं की ४२ पैकी ३९ विमानं भाड्याची आहेत. ती एक ओळ खोडली आणि अख्खी मांडणी कोसळली.

गटात पिंपळगावची एक मुलगी होती, घरची द्राक्षबाग. तिला विचारलं, "कोणाची बाग विकत घ्यायची झाली तर तुझे वडील आधी काय बघतात?"

"सातबारा, सर. इतर हक्कात बोजा कोणाचा चढलाय ते."

"आणि बागेत उभा असलेला ट्रॅक्टर?"

"भाड्याचा असेल तर त्याचा मालक दुसऱ्या दिवशी घेऊन जाईल की."

पुढचं तिला समजवावं लागलं नाही.

आपल्याकडच्या विमान कंपन्यांची बहुतांश विमानं अशीच भाड्याची असतात. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्या जवळपास वर्षभर कोर्टात भांडल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं. मग घेणाऱ्याच्या हाती लागणार काय? महिन्याभरात बोली लावणाऱ्यांपैकी एकाने अंग काढून घेतलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे असेल ते विकून देणी भागवायची आणि कंपनी गुंडाळायची.

विमानतळावरच्या वेळांचं, म्हणजे स्लॉटचंही तसंच. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा तिचे मुंबई-दिल्लीचे स्लॉट इतरांना वाटून दिले गेले. जेटची काही बोइंग ७३७ विमानं स्पाइसजेटने मूळ मालकांकडून भाड्याने घेतली. जेटच्या कर्जातला एक रुपयाही त्यासाठी अंगावर घ्यावा लागला नाही.

तुमच्या शीटमध्ये हा घोळ झाला असेल तर मालमत्तेचे चार रकाने करा: स्वतःचं, भाड्याचं, सरकारी परवानगीवर मिळालेलं, आणि माणसांच्या डोक्यात असलेलं. किंमत फक्त पहिल्या रकान्याची लावा. बाकी तिन्हींपुढे एकच प्रश्न लिहा: कंपनी न घेता हे मिळू शकतं का?

चेकवरचा आकडा म्हणजे किंमत नव्हे

इथे जेटने एअर सहारा विकत घेतली तो सौदा बारकाईने वाचा. जानेवारी २००६ मध्ये तो सुमारे २,३०० कोटींना ठरला, जूनमध्ये फिसकटला, लवादाकडे गेला, आणि एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटींना झाला. मुलं इथवर वाचतात आणि लिहितात, ‘साडेआठशे कोटी वाचले’.

पुढचं वाचा. सहाराचं नाव जेटलाइट झालं. सहाराकडे बोइंगबरोबर सीआरजे जातीची छोटी विमानंही होती, जी जेटच्या ताफ्यात नव्हती. नवी जात आली की पायलटचं प्रशिक्षण वेगळं, सुटे भाग वेगळे, इंजिनिअरचे परवानेही वेगळे. सहाराचा जुना आयकर कोणी भरायचा यावरून हप्ते अडले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर पोचलं, तेव्हा एकाऐवजी दोन तोट्यातल्या कंपन्यांच्या टाक्या भरायच्या होत्या. जेट फक्त सहारामुळे बुडाली असं मी म्हणणार नाही, मध्ये बारा वर्षं गेली आणि इतर कारणंही बरीच होती. पण दुष्काळात तेरावा महिना कसा येतो ते या सौद्यात दिसतं. नाशिककरांना तर याची झळ माहीत आहे. ओझरहून दिल्लीची सेवा जेटने जून २०१८ मध्ये उडान योजनेत सुरू केली होती, आठवड्यातून तीन दिवस. कंपनी गेली आणि तीही गेली.

याउलट टाटांनी एअर इंडिया घेतली तो हिशेब शेजारी ठेवा. बोली १८,००० कोटींची, त्यात कर्ज १५,३०० कोटी आणि रोख २,७०० कोटी. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटी. उरलेला डोंगर सरकारने वेगळ्या कंपनीत टाकून स्वतःकडे ठेवला. तुमच्या केसमध्ये असा सरकारी हात नसेल, तर ‘टाटांनी घेतली, मग आपणही घ्यावी’ हे वाक्य काढून टाका.

दुरुस्ती अशी करा. चेकच्या रकमेत अंगावर येणारी देणी मिळवा, त्यात निदान दोन वर्षांचा रोखीतला तोटा मिळवा. पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी विसरू नका. दिवाळखोरीतून घेतलं म्हणजे पाटी कोरी मिळते असं समजू नका. जेटसाठी पुढे आलेल्या नव्या मालकांना कर्मचाऱ्यांचा थकलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी द्यायला कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने सांगितलं होतं, आणि शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या लिक्विडेशनचा आदेश दिला. मग एकदा रुपया घसरवून बघा. तिकिटाचे पैसे रुपयात येतात, विमानाचं भाडं डॉलरमध्ये जातं.

विमानं जुळली, पण गिऱ्हाईक?

किंगफिशर आणि एअर डेक्कन, दोघांकडे एअरबस ए३२० आणि एटीआर ही छोटी पंख्याची विमानं. कागदावर पत्रिका छत्तीस गुणांनी जुळलेली. २००७ मध्ये किंगफिशरने ५५० कोटींना २६ टक्के हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या. घाईमागे आणखी एक कारण होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परदेशी उड्डाणासाठी देशात पाच वर्षं उडालेलं असणं आणि ताफ्यात वीस विमानं असणं गरजेचं होतं. किंगफिशर २००५ ची, डेक्कन २००३ ची. डेक्कन घेतली की दोन वर्षांची वाट वाचत होती.

पण डेक्कनचा प्रवासी स्वस्त तिकिटासाठी येत होता, पाण्याची बाटलीही विकत घेत होता. किंगफिशरचा येत होता थाटासाठी. डेक्कनची ‘किंगफिशर रेड’ झाली आणि त्याच नावाखाली कमी पैशात बसता येतंय म्हटल्यावर जास्त पैसे मोजणाऱ्यालाही पर्याय मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये रेड बंद करायची घोषणा झाली, ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळंच थांबलं.

म्हणून ‘समान ताफा, त्यामुळे बचत’ एवढ्यावर स्लाइड संपवू नका. कोणाचं तिकीट कोण खाणार, हे एका तरी मार्गावर आकड्यांनी दाखवा. आणि केसमधली कंपनी घाई का करतेय ते शोधा. खरं कारण बऱ्याचदा तोट्या-नफ्याच्या पत्रकात नसतं.

माणसांचा हिशेब शेवटच्या स्लाइडवर ढकलू नका

‘एचआर विलीनीकरण – ६ महिने’ असं लिहिलेलं मी दर वर्षी बघतो. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, नव्या ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानाचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या पायलटनाही मिळणार म्हणून एअर इंडियाचे पायलट ५८ दिवस संपावर होते. विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन होण्याच्या तोंडावर, एप्रिल २०२४ मध्ये, नव्या पगाररचनेवरून पायलट नाराज झाले आणि विस्ताराला रोजची उड्डाणं कमी करावी लागली. सेवाज्येष्ठतेची यादी कशी लावणार, हे पहिल्या पाच स्लाइडमध्ये यायला हवं.

परवानगी गृहीत धरू नका

अमेरिकेत जेटब्लू या विमान कंपनीने स्पिरिट या स्वस्त तिकिटाच्या कंपनीसाठी ३.८ अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सौदा अडवला: स्वस्त तिकिटावर जगणाऱ्या प्रवाशाचं नुकसान होईल. स्पिरिट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडतेय म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोग आहे. त्याच्यासाठी दोन्ही कंपन्या जिथे उडतात त्या मार्गांची यादी काढा, आणि मंजुरी मिळेपर्यंतच्या महिन्यांचा तोटा कोण सोसणार ते लिहा.

‘घेऊ नये’ म्हणून खाली बसू नका

वरचं सगळं वाचून काही गट ताठपणे ‘नाही’ म्हणतात आणि थांबतात. परीक्षक विचारतात, "मग करायचं काय?" आणि खोलीत शांतता पसरते.

पिंपळगावच्या त्या मुलीच्या गटाने मांडणी पुन्हा केली. शेवटच्या स्लाइडवर चार ओळी होत्या. कंपनी घेऊ नये. भाड्याच्या ३९ पैकी आपल्याच जातीची १४ विमानं आहेत, त्यांच्या मालकांशी आजपासून बोलावं. पायलट आणि इंजिनिअरना आपल्या सेवाज्येष्ठतेच्या नियमाने नोकरी द्यावी. हँगर लिलावात निघालं तर तेवढंच घ्यावं.

मी विचारलं, "आणि तुम्ही थांबलात तेवढ्यात पहिल्या क्रमांकाच्या कंपनीने उचलली तर?"

तिने पुढची स्लाइड लावली. पहिल्या क्रमांकाच्या कंपनीचा ताळेबंद, त्यात बुडत्या कंपनीची देणी मिळवलेली, आणि खाली तिसऱ्या वर्षाच्या रोकडीसमोर लाल अक्षरांत वजाचं चिन्ह.