उपग्रह नेमका कुठवर पोहोचतो? हिशोब करताना या चुका टाळा

उपग्रहाला जेवढा भाग दिसतो तेवढा सगळा त्याच्या उपयोगाचा, असं धरून चालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ५०० किमी उंचीवरून क्षितिजापर्यंत सुमारे २,४५० किमी त्रिज्येचं वर्तुळ दिसतं. पण क्षितिजालगतचा सिग्नल झाडं, इमारती, डोंगर अडवतात. म्हणून उपग्रह क्षितिजापासून किमान २५ अंश वर आल्यावरच संपर्क धरायचा ठरवलं, तर ती त्रिज्या ८७० किमीच्या आसपास येते. क्षेत्रफळ उरतं जेमतेम आठवा हिस्सा! कॅमेऱ्याचा पट्टा तर आणखी अरुंद. लँडसॅट ८ हा ७०५ किमीवरून फक्त १८५ किमी रुंदीचा पट्टा टिपतो आणि त्याच पट्ट्यावर १६ दिवसांनी परततो. ‘उपग्रह रोज फिरतो, मग आमच्या भागाचा रोजचा फोटो का नाही?’ याचं उत्तर या आकड्यांत आहे.

उंचीएवढंच लक्ष कक्षेच्या कलाकडे, म्हणजे ती विषुववृत्ताशी करते त्या कोनाकडे द्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे, त्यामुळे ते त्याहून वरच्या अक्षांशांच्या डोक्यावरून कधीच जात नाही. नकाशावरची त्याची नागमोडी रेघ पाहून स्थानकच वळणं घेतं असं वाटतं. खरं तर त्याच्या कक्षेचं प्रतल (ती ज्या सपाटीत असते ती) जवळपास स्थिर असतं. खाली पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून प्रत्येक फेरीची रेघ साधारण २३ अंश पश्चिमेला सरकते.

ध्रुवीय कक्षा सगळीकडे सारखीच पोहोचते, हाही गैरसमज. ध्रुवांजवळून उपग्रह प्रत्येक फेरीत जातो, विषुववृत्तावर मात्र दोन फेऱ्यांमध्ये अडीच हजार किमीहून जास्त अंतर पडतं.

भूस्थिर उपग्रह, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा, ३५,७८६ किमीवर असूनही साधारण ८१ अक्षांशापलीकडे दिसतच नाही, आणि त्याच्या बरंच आधी तो क्षितिजाला टेकलेला असतो. उत्तरेकडच्या प्रदेशांसाठी सोव्हिएत संघाने ६३.४ अंश कलाची, लांबोडकी मोल्निया कक्षा वापरली ती यासाठीच.

वेळापत्रकाप्रमाणे उपग्रह आला नाही, तर अँटेना उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिली आहे का? कक्षेची माहिती, म्हणजे टीएलई, जुनी तर नाही ना? खालच्या कक्षेत विरळ हवेचं घर्षण सतत चालू असतं, त्यामुळे काही आठवड्यांपूर्वीच्या टीएलईवर काढलेली वेळ सहज चुकते. ताजी टीएलई घेऊन पुन्हा गणित करा.