बर्फात निवडुंग लावताय? या चुका टाळा

कॅनडात, मिसिसागातल्या माझ्या अंगणात निवडुंग बारा महिने उघड्यावर असतो, हे लोकांना आधी पटत नाही. पटलं की लगेच एखादं पान मागतात. आणि पुढच्या एप्रिलमध्ये फोन येतो, "अगं, तो गेला." कशाने गेला ते मला न बघता कळतं. थंडीने क्वचितच. बहुतेक वेळा पाण्याने.

थंडीचं म्हणाल तर ओंटारिओच्या दक्षिण टोकाला, पॉइंट पिलीला, फड्या निवडुंग रानात आपला आपण वाढतो. (तिथून तोडून आणू नका, तो संरक्षित आहे.) ओपन्शिया फ्रॅजिलिस हा बुटका भाऊ तर ब्रिटिश कोलंबियात पीस नदीच्या काठी, ५६ अंश उत्तरेपर्यंत पोचलाय. तिथल्या हिवाळ्यापुढे आमचे उणे २० म्हणजे गुलाबी थंडी.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो 'विहिरी'वर. आमच्याकडे जमीन चिकणमातीची. निवडुंगाला निचरा लागतो एवढं कुठेतरी वाचायचं आणि दोन फूट खड्डा खणून त्यात वाळू-खडी भरायची. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. नवऱ्याने कण्हत कण्हत सहा पोती वाळू आणली, वर छान दगड मांडले, फोटो भारतात पाठवले. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं आणि सबंध लॉनचं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसलं. बाजूला चिकणमाती, तळाला चिकणमाती, पाणी जाणार कुठे? काठी खुपसून पाहिली तर वीतभर खाली तळं. वरून रोपं हिरवीगार दिसत होती. एक हलकेच ओढलं तर सडक्या काकडीसारखा वास सोडत हातातच आलं.

तेव्हापासून मी खणत नाही, रचते. जमिनीवर फूटभर उंच वाफा, दक्षिणेच्या भिंतीला लागून. निम्म्याहून जास्त बारीक खडी, बाकी जाड वाळू आणि थोडी बागेतली माती. प्रमाण विचारू नका, मी मोजत नाही. मिश्रण ओलं करून मुठीत दाबते. लाडू वळला तर आणखी खडी. मुलांच्या खेळायची बारीक वाळू मात्र नको, ती चिकणमातीत मिसळली की वीट होते.

दुसरी चूक दयेची. सप्टेंबरनंतर हा निवडुंग सुरकुततो, जांभळट होतो, पानं (खरं तर ती खोडं, पण आपण पानंच म्हणूया) जमिनीवर लोळतात. बघणाऱ्याला वाटतं, मेला. अहो, तो थंडीची तयारी करतोय! अंगातलं पाणी कमी करतो, उरलेला रस साखरेने आणि बुळबुळीत चिकाने दाट होतो. मग बर्फ धरलंच तर पेशींच्या बाहेर धरतं, पेशी फुटत नाहीत. नेमक्या त्या वेळी पाणी पाजून त्याला टम्म फुगवलं की संपलं.

एका वर्षी आम्ही दिवाळीला पुण्याला गेलो. घराकडे लक्ष ठेवायला मैत्रिणीची आई होती. माझा सगळ्यात लाडका एकायनोसेरियस जातीचा निवडुंग मी मुद्दाम वळचणीखाली लावलेला, शरदातला पाऊस लागू नये म्हणून. काकूंना तो तहानलेला दिसला. तीन आठवडे रोज तांब्याभर तांदूळ धुतलेलं पाणी! मी परत आले तेव्हा तो बाळसं धरल्यासारखा गोल झालेला. आठवड्याने उणे १० ची रात्र आली, सकाळी काचेसारखा कडक, दुपारी ऊन लागलं तसा लगदा. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. आता माझ्याकडे गणपती बसले की निवडुंगाचं पाणी बंद, ते थेट मे महिन्यापर्यंत. एप्रिलमध्ये सुरकुतलेलं रोप उपटू नका. मऊ, काळं आणि गळतं असेल तरच मेलंय.

प्लॅस्टिकने झाकू नका, आत वाफ धरते. बर्फ पडला तर पडू दे, तीच रजई आहे. फक्त ड्राइव्हवेवरचं मिठाचं बर्फ फावड्याने त्याच्यावर लोटू नका. लाकडाच्या सालींचं आच्छादन नको, खडीच पसरा. खताचं नाव काढू नका.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांवरचं पीट (दलदलीतलं कुजकं शेवाळ) झाडून टाका, ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं. आणि सप्टेंबरच्या सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून तेव्हाच लावणाऱ्यांनी माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नये. मे-जूनमध्ये लावा, मुळांना एक उन्हाळा मिळू दे. पान तोडलं त्याच दिवशी मातीत खुपसायचीही घाई असते लोकांना. आठवडाभर सावलीत पडू दे, जखम सुकू दे. सुपरमार्केटातला लाल टोपीचा कलमी निवडुंग तर पहिल्याच हिवाने जातो, त्याला खिडकीत ठेवा.

मोठ्या काट्यांपेक्षा घाबरायचं ते केसासारख्या बारीक कुसळांना. बोटात गेलेलं दिसत नाही, आठवडाभर टोचतं. चामड्याचे हातमोजेही कामाचे नाहीत, कुसळं त्यातच अडकून बसतात आणि पुढच्या वेळी हातात शिरतात. मी पापड भाजायचा लांब चिमटा वापरते. एकदा बागेत नेलात की तो परत स्वयंपाकघरात आणू नका. आमच्याकडे एका संध्याकाळी आणला होता.