लांब ड्रिल बिट वापरताय? या चुका टाळा

जांभ्याच्या भिंतीतून इंटरनेटची वायर काढायची असते, माळ्याच्या तुळईतून केबल न्यायची असते, नाहीतर पडवीच्या खांबात लांब बोल्ट घालायचा असतो. नेहमीचा बिट अर्ध्यातच संपतो. मग दुकानात जाऊन आपण म्हणतो, ‘‘सगळ्यात लांब असेल तो द्या.’’ गडबड तिथूनच सुरू होते. त्याच जाडीचा बिट दुप्पट लांब घेतला, तर बाजूने आलेल्या तेवढ्याच जोराने तो आठपट लवतो. म्हणून कामाला पुरेल एवढीच लांबी घ्यायची, हातभर जास्त नको.

त्यासाठी आधी भिंत मोजा. खिडकीच्या चौकटीपाशी, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून मोजलं की खरी जाडी कळते. बिटावर छापलेली लांबी ही कामाची लांबी नसते. 450 मिलिमीटरचा एसडीएस-प्लस (ठोके देणाऱ्या हॅमर मशीनचा) बिट साधारण 400 मिलिमीटर खोल जातो, बाकीचा मशीनच्या तोंडात राहतो. एसडीएस-प्लसची दांडी 10 मिलिमीटरची आणि खाचांची असते. ती साध्या चकमध्ये आवळायला जाऊ नका, जबडे तिला धड पकडत नाहीत आणि बिट वाकडा फिरतो. मोठ्या मशीनला लागणारी एसडीएस-मॅक्स दांडी 18 मिलिमीटरची, तिचा लहान मशीनला उपयोग शून्य. आणखी एक घोळ सुताचा. आपल्याकडे दुकानदार आणि मेस्त्री अजून सुतात बोलतात, इंचाला आठ सूत. चार सुती बोल्ट म्हणजे 12.7 मिलिमीटर. ‘अर्धा इंचच की’ म्हणून 12 चा बिट आणलात, तर बोल्ट भोकाच्या तोंडाशीच अडणार.

लांब बिटाने कधीच सुरुवात करू नका. त्याच जाडीच्या आखूड बिटाने तीन-चार इंच सरळ भोक पाडा, मशीन बंद ठेवून लांब बिट त्यात सारा आणि मगच हळू चालू करा. मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने सोडलेला लांब बिट चाबकासारखा फटकतो. तो वाकला की पुन्हा सरळ होत नाही, आणि मध्ये तुमचा हात असेल तर विचारूच नका.

जांभ्याची गोष्ट वेगळी. एकाच चिऱ्यात कुठे पोकळी, कुठे मऊ माती, कुठे लोखंडासारखा कडक खडा. बिट कडक भागाला टेकला की मऊ बाजूला सरकतो. म्हणून जोर लावायचा नाही, मशीनलाच काम करू द्यायचं. चिऱ्याच्या मध्यावर भोक घ्या, दरजेत नको. जुन्या घरात मातीच्या दरजेत शिरलेला बिट दरज धरूनच पळतो. हॅमर, म्हणजे मशीनचा ठोका, आखूड भोकापुरता बंद ठेवला तर तोंडाची कड ढासळत नाही. बाजूचा दांडा लावल्याशिवाय मशीन हातात घेऊ नका, कारण पोकळीत बिट अडकला तर मनगटाला पीळ बसतो. पावसाळ्यात भिंत ओली असताना चुऱ्याचा चिखल होतो आणि बिटाच्या खोबणी गच्च भरतात. हे काम आगोटीच्या आधी उरकलेलं बरं. मुख्य म्हणजे भोक आतून बाहेर किंचित उतरतं घ्या. आडवं, किंवा आत उतरतं भोक पडलं, तर पश्चिमेची झड वायरीच्या कडेने थेट माजघरात येते. पलीकडच्या बाजूला गिलाव्याचा पोपडा उडू नये म्हणून शेवटचा इंच फक्त फिरवून, हॅमरशिवाय पाडा. आणि हो, आत वायरिंग कुठून गेलंय ते आधी पाहा.

लाकडाला गिरमिटाच्या घडणीचा बिट उत्तम, पुढचा स्क्रू स्वतःच लाकडात ओढत नेतो. वेग कमी ठेवा. जुना फणस किंवा ऐन असेल तर दर दोन इंचांना बिट बाहेर काढून भुसा झाडा. चपटा बिट एक्स्टेंशनवर, म्हणजे जोडदांडीवर चालतो, पण एक्स्टेंशनची जाडी भोकापेक्षा कमी आहे ना, हे विकत घेण्याआधीच पाहा.

आता बिट घरीच लांब करायचा तर. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे बिटाचं बूड सळईला टोकाटोकाला वेल्डिंग करणं. सांध्याशेजारी पोलाद ठिसूळ होतं, सळई वाकडी बसते, आणि तुकडा तुळईत अडकतो तो कायमचा. त्याऐवजी 10 मिलिमीटरच्या बिटासाठी 9 मिलिमीटरची सळई घ्या. तिच्या टोकात लेथवर 6 मिलिमीटरहून किंचित मोठं, इंचभर खोल भोक पाडून घ्या. बिटाची दांडी इंचभर 6 मिलिमीटरपर्यंत बारीक करून त्यात बसवा आणि चांदीचं ब्रेझिंग करा, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून सांधा जोडा. फ्लक्स (सांध्याला आधी लावायचा लेप) आत शिरायला केसभर फट लागते, घट्ट ठोकून बसवू नका. धार तापू नये म्हणून खोबणीच्या भागाला ओलं फडकं गुंडाळा. दांडीवर आधी कानस फिरवून पाहा. कानस घसरली तर दांडी कडक आहे, साध्या हत्याराने लेथवर कापली जाणार नाही.

जोडलेल्या बिटाचा खरा धोका पुढेच आहे. 10 मिलिमीटरच्या साध्या बिटाची एकूण लांबी 133 मिलिमीटर, त्यात खोबण फक्त 87. सळईला खोबण नाही. खोबण पूर्ण आत गेली की चुऱ्याला बाहेर यायला वाटच उरत नाही, तो मागे साठतो आणि बिट आवळला जातो. तिथून पुढे दर अर्ध्या इंचाला बाहेर काढा, कंटाळा आला तरी.

भिंतीच्या बिटाला मात्र हा उपाय नाही. हॅमरच्या ठोक्याने ब्रेझिंगचा सांधा सुटतो. असा बिट विकतच घ्यावा. तालुक्याला मिळाला नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळेल. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आधीच सांगून ठेवा, पण जाडी, कामाची लांबी आणि दांडीचा प्रकार कागदावर लिहून.