आंबोलीत रात्री बेडूक पाहायला यायचं तर

माझं माहेर चौकुळचं. आंबोलीपासून आठ-दहा किलोमीटर आत, घाटमाथ्यावरचं गाव. आता मी कुडाळला असते, शाळेत विज्ञान शिकवते. पण जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे दोन-तीन दिवस मी माहेरासाठी राखून ठेवते, कारण तेवढ्याच दिवसांत सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, पिवळ्या पट्ट्यांचे भेक (बेडकांचाच एक प्रकार) भेटतात. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतं, आम्हालाही दाखव. सगळ्यांना घेऊन जाणं जमत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

पहिलं म्हणजे रविवारी येऊ नका. रविवारी घाटातल्या मोठ्या धबधब्याखाली माणसांचा पूर असतो आणि गाड्यांची रांग वळणावळणांवर लागते. मधल्या वारी या आणि दोन रात्री राहा. एका रात्रीचा भरवसा धरू नका. आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. झड लागली की हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि तशा रात्री घरात बसून कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी खाणंच बरं. दुसऱ्या रात्री पाऊस जरा उघडतो, नुसती भुरभुर राहते. ती आपली रात्र.

रेल्वेनं येणार असाल तर सावंतवाडी रोडला उतरा. स्थानक शहरापासून लांब, मळगावला आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, म्हणून दिवसाची गाडी धरा. तिथून सावंतवाडीत यायचं आणि पुढे बेळगाव रस्त्यावर तीसेक किलोमीटर घाट चढायचा. एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर अंधार पडण्याआधी वर पोचा. धुकं आणि दरडी तर आहेतच, पण रात्री रस्त्यात गवा उभा असतो आणि तो हॉर्नला दाद देत नाही. दिवे मंद करून थांबायचं, तो जाईल तेव्हा जाईल.

गावात घरगुती राहायची सोय बऱ्याच ठिकाणी होते. खोली ठरवतानाच विचारा की रात्री सोबत यायला गावातलं कुणी आहे का. आजूबाजूचं बरंचसं रान वनखात्याचं आहे, तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही. बाकी जमिनींनाही मालक आहेत. गावातला माणूस बरोबर असला की कुठली वाट कुणाची आणि कुठल्या व्हाळाला (ओढ्याला) पाणी चढलंय, हे त्याला ठाऊक असतं. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

सामान थोडंच लागतं. गमबूट, मळकट रंगाचा रेनकोट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातात एक वेगळी बॅटरी. लाईट जाते, मोबाईलची रेंजही जाते, तेव्हा जास्तीचे सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. बूट घरून घासून, सुकवून आणा. बेडकांच्या कातडीला लागणारी एक सूक्ष्म बुरशी जगभर पसरली आहे, सह्याद्रीतही तिची नोंद झाली आहे, आणि ओल्या चिखलाबरोबर ती एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाऊ शकते. डास मारायची क्रीम हातापायांना चोपडू नका. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, त्यामुळे आपल्या बोटांवरचं औषध त्याच्या अंगात जातं. पूर्ण बाह्यांचे कपडे घातले की पुरे. जळवा लागतीलच. मीठ टाकू नका. बारीक टोकाकडून नख सरकवलं की जळू सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरायचं कारण नाही.

आता सडा. आंबोलीचा जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला असतो. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की त्याच्या खळग्यांत बोट-दोन बोटं पाणी साचतं. तुम्हाआम्हाला ते डबकं वाटतं. आंबोली भेकाचं सगळं घरदार तेच. प्राणी जेमतेम इंच-दीड इंचाचा, मातकट रंगाचा, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. म्हणूनच शास्त्रीय नावात ‘टायग्रिना’ आलं. 2009 साली ही जात म्हणून जगासमोर आली. ती आंबोलीच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यातच सापडते आणि अतिसंकटग्रस्त ठरली आहे. पाऊस लागला की नर डबक्याभोवती गोळा होतात, मादी येते, त्या उथळ पाण्यात अंड्यांचे पुंजके पडतात आणि थोड्याच दिवसांत सगळा मेळा पांगतो. जुलैत येऊन सड्यावर भेक शोधणारे रिकाम्या हातांनी जातात.

मी लहान असताना बाबा कंदील घेऊन पुढे चालायचे आणि दर दहा पावलांवर म्हणायचे, “बघून पाय टाक गो, चेडवा.” तेव्हा मला वाटायचं, सापासाठी म्हणतात. सापासाठी होतंच, पण सड्यावर त्यांचा पाय कधी पाण्यात पडलेला मी पाहिला नाही. ते डबक्याला वळसा घालून जायचे. तुम्हीही तेच करा. एका गमबुटाखाली एका मादीची सगळी अंडी जातात. गाडी सड्यावर नेऊ नका. गावातल्या रस्त्यावरही पावसाळी रात्री जपून चालवा, कारण भेक डांबरावर येऊन बसतात आणि सकाळी तिथे नुसते डाग उरलेले असतात. मी ते डाग पाहिलेत, म्हणून इतकं सांगते.

जूनचा मुहूर्त चुकला तरी हिरमुसू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ जागेवर झुकलेल्या फांद्यांकडे बॅटरी फिरवा. पानांना साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. घाटातल्या ओल्या, उभ्या कातळावर जवळून पाहिलंत तर भिंतीवरच डोंबके, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं, चिकटलेले दिसतील, पाण्याच्या पातळशा थरावर. ते ‘चिरावासी’ बेडकाचे. 2014 मध्ये आंबोलीतूनच त्याची नोंद झाली, आणि नावात आपला मराठी चिरा आहे. दगड उलटून पाहायची हौस असली तरी आवरा. त्याच्याखाली देवगांडूळ असतं. त्याला पाय नाहीत, दिसतं गांडुळासारखं, पण आहे ते बेडकाच्या गोतावळ्यातलं. आंबोलीतूनच 2003 साली त्याची एक नवी जात सापडली.

मलबारी चापडा हा विषारी साप हमखास दिसतो. हिरवा, तपकिरी, पिवळट, कुठल्याही रंगाचा. एकाच फांदीवर तो कित्येक तास हलत नाही, म्हणून लोकांना वाटतं फोटोसाठी काठीनं सरकवावा. सरकवू नका, चार हात लांब राहा. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनते. चापडा त्यात नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही न करता सरळ सावंतवाडीच्या सरकारी रुग्णालयात जायचं.

कुठलाही प्राणी हातात घेऊ नका. फ्लॅश एकदा, फार तर दोनदा. मग बॅटरी विझवा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. आपला उजेड गेला की थांबलेले आवाज पुन्हा सुरू होतात. आधी एखादी टिकटिक, मग चहूबाजूंनी. माझ्या वर्गातली बडबडी पोरं या वेळी आपणहून गप्प होतात. नशीब असेल तर कुजक्या लाकडावर हिरवट उजेडही दिसतो, बुरशीचा. बॅटरी चालू असलेल्या माणसाला तो दिसत नाही.

सकाळी हिरण्यकेशीला जा. गुहेतल्या देवळातून नदी निघते आणि कोकणाकडे पाठ फिरवून आजऱ्याच्या दिशेनं, पूर्वेला वाहत जाते. इथल्याच पाण्यातल्या एका छोट्या माशाला 2020 मध्ये नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात साबण, निर्माल्य काही टाकू नका.

जून असेल तर परतताना रात्रीच्याच डबक्यापाशी दिवसाउजेडी एकदा थांबा. कडेला उकिडवं बसा, सावली पाण्यावर पडू द्या म्हणजे चकाकी जाते आणि तळ दिसतो. कातळाला चिकटलेले बारीक मणी दिसले की समजा, रात्री मादी आली होती.