सिडकोत राहायला आलात? आधी नाव लावा

अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागते, मुलांच्या शाळा ठरतात आणि जूनच्या आत टेम्पोतून सामान सिडकोत उतरते. खानदेशातून नाशिकला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे असेच होते. आम्हीही अमळनेरहून असेच आलो आणि आता इथलेच झालो. घर कुठे बघावे, शाळा कोणती, किराणा कुठला, हे सांगायला तुम्हाला मामा-मावश्या पुष्कळ भेटतील. मला सांगायचे आहे ते दुसरेच. वसाहतीत काय चालले आहे, पाणी कधी येणार नाही, सभा कधी आहे, वर्गणी कोण मागतेय, कुठला रस्ता बंद आहे, हे नवीन माणसाला वर्ष-वर्ष कळत नाही. त्यात पैसे जातात आणि मनही रमत नाही. दर वर्षी नवीन घरे त्याच ठिकाणी ठेचकाळताना पाहते, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचले नाही तरी एवढे वाचा. घर विकत घेतले असेल तर खरेदीखत झाले म्हणजे काम संपले असे समजू नका. खरेदीखतानंतर तीन महिन्यांच्या आत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन घरपट्टीला आणि पाणीपट्टीला आपले नाव लावून घ्या. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत. आपला नवीन नाशिक विभाग, म्हणजेच सिडको. सोसायटीत अर्ज देऊन भागदाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढवा. वीजबिलावर नाव बदला. मतदार यादीत नाव आणा, आधारवरचा पत्ता इथला करा. आपल्या लोकांना या कामांचा कंटाळा असतो. बिल कुणाच्या का नावावर येईना, भरतोय ना आपण, असे म्हणतात.

आमच्या मागच्या इमारतीत चोपड्याकडच्या एका जोडप्याने जुना फ्लॅट घेतला. घरपट्टीचे बिल आधीच्या मालकाच्या नावाने निघत राहिले आणि त्याच्याच जुन्या पत्त्यावर जात राहिले. यांना वाटले, बिल येत नाही म्हणजे काही बाकी नसेल. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, हे त्यांना कळले ते जप्तीची नोटीस दाराला चिकटली तेव्हा. सोसायटीत तेच. नाव चढवलेले नाही म्हणून सभेची सूचना यांना मिळालीच नाही. त्या सभेत गच्चीच्या गळतीचे काम आणि त्याची वर्गणी मंजूर झाली, आणि पुढे थकलेल्या रकमेवर व्याज सुरू झाले. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमांप्रमाणे, ते वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत लावता येते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागली त्या माऊलीला. कुणाशी भांडण नाही, कुणी फसवले नाही, फक्त नाव लावलेले नव्हते. म्हणून पुन्हा सांगते, नाव लावा. स्वयंपाकघरातली मांडणी नंतर करा.

याला जोडूनच दोन गोष्टी. घरपट्टी एप्रिल, मे, जूनमध्ये भरली तर सवलत मिळते आणि एप्रिलमध्ये ती सर्वांत जास्त असते. दुसरे म्हणजे, सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. ती जिन्याखालच्या फलकावर लागते. येता-जाता त्या फलकाकडे बघायची सवय लावून घ्या. भाडेकरूला मत नसते, पण पाण्याच्या वेळा आणि पार्किंगचे निर्णय त्यालाही भोगावे लागतात. तेव्हा घरमालकाला विचारून माहिती घेत जा.

आता बातमी मिळते कुठे? मोबाइलवर येते ती उशिरा येते, आणि अर्धी खोटी असते. खरी बातमी सकाळी सहाला दुधाच्या केंद्रावर मिळते, देवळाच्या ओट्यावर मिळते, संध्याकाळी पवननगरच्या भाजीबाजारात मिळते, आणि जॉगिंग ट्रॅकवर चालून झाल्यावर बाकावर बसणाऱ्या काका लोकांकडे मिळते. घंटागाडी आली की बादली मुलाच्या हाती देऊ नका, स्वतः खाली उतरा. त्या पाच मिनिटांत चार घरांच्या बायका भेटतात. कुणाकडे बारसे आहे, कुठला ट्रान्सफॉर्मर जळाला, कुठल्या गल्लीत रात्री मोटारसायकल चोरीला गेली, सगळे तिथे कळते. मी तर म्हणेन, नवीन बाईने पहिल्या महिन्यात भजनी मंडळात किंवा बचतगटात जायलाच हवे. गळा नसला तरी चालतो.

नाशिककरांविषयी आपल्याकडचे लोक म्हणतात की ही माणसे तुटक आहेत. मला हे पटत नाही. आपल्याकडे पाहुण्याला हात धरून घरात ओढतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. इथे ‘या कधीतरी’ एवढेच म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत बसू नका, जा. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत असतील तर वाटी घेऊन सरळ वर जा. याच माणसांनी माझ्या सासूबाई आजारी असताना रात्रभर रुग्णालयात आळीपाळीने जागरण केले आहे.

दोष आपल्या लोकांचाही सांगते. शुक्रवारची रात्रपाळी सुटली की बॅग उचलून धुळ्याची गाडी पकडायची आणि रविवारी रात्री परत यायचे. इथल्या बऱ्याच कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते आणि वसाहतीतल्या सभा, रक्तदान शिबिरे, हळदीकुंकू, सगळे शनिवार-रविवारी होते. दर आठवड्याला गावी पळणारा माणूस दहा वर्षे सिडकोत राहून शेजाऱ्याला ओळखत नाही, असे मी पाहिले आहे. महिन्यातून एकदा गावी जा, पण बाकीचे रविवार इथे काढा.

पाण्याचे एवढेच सांगते. जलवाहिनीचे किंवा पंपाचे मोठे काम असले की पाणी बहुतेक शनिवारी बंद ठेवतात, आणि मग रविवारी कमी दाबाने येते. त्याची सूचना एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्राच्या शहराच्या पानावर छोट्या चौकटीत असते. शुक्रवारी पिंप भरून ठेवा.

आपल्याकडे धुळवडीला रंग खेळतात, इथे रंगपंचमीला. नवीन आलेली मुले धुळवडीच्या सकाळी पिचकाऱ्या घेऊन खाली उतरतात आणि गल्ली शांत बघून हिरमुसतात. धुळवडीला जुन्या नाशिकमध्ये वीरांच्या मिरवणुका निघतात, त्यांतली दाजिबा वीराची बघण्यासारखी असते. रंगपंचमीला जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. एरवी बुजवून, वरून रस्ता करून ठेवलेले हे दगडी हौद त्या दिवशी रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यांत उड्या मारतात. तरुण मुलांना जरूर पाठवा, पण लहानांना काठावरूनच दाखवा, गर्दी फार असते. नवरात्रात कालिकामातेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडची वाहतूक वळवतात, तेव्हा त्या बाजूला काम असेल तर दिवसा उरकून घ्या. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, रोज एक वक्ता, महिनाभर, फुकट. सिडकोतले फार थोडे लोक तिकडे जातात याचे मला वाईट वाटते. मुलांना एकदा तरी तिथे न्या, संध्याकाळी नदीवरचा वारा असतो आणि चार शब्द कानावर पडतात.

वर्गणीचे मात्र कडक सांगते. गणपती, नवरात्र, जयंत्या मिळून वर्षातून अनेकदा मुले दारात येतील. हात आखडता घेऊ नका, पण पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पावतीवर मंडळाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि वर्ष हवे. आपल्या गल्लीचे मंडळ कोणते, हे शेजारी विचारा आणि तिथे नीट रक्कम द्या. बाकीच्यांना नम्रपणे सांगा की आमचे मंडळ ठरलेले आहे. पहिल्या वर्षी दबून जो सगळ्यांना देतो, त्याच्या दारात दुसऱ्या वर्षी दुप्पट लोक येतात. नुसती वर्गणी देऊन घरात बसू नका. आरतीला जा, विसर्जनाच्या दिवशी महापालिकेच्या मूर्ती संकलन केंद्रावर दोन तास उभे राहून निर्माल्य गोळा करायला मदत करा. त्या दिवसापासून मुले तुम्हाला काका-काकू म्हणू लागतात.

आपली खानदेशची देवी कानबाई तर आता सिडकोत घराघरांत बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्रभर अहिराणी गाणी चालतात, गाव सोडून आल्यासारखे वाटतच नाही. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे, ती आपली रीत आहे, ती पाळा. पण दर्शनाला शेजारच्या नाशिककर बायकांना बोलवा. पुष्कळ घरांत आपलीच आपली माणसे बसतात आणि शेजारी नुसता आवाज ऐकत झोपायचा प्रयत्न करतो, हे बरोबर नाही. आदल्या दिवशी वर-खाली सगळ्या घरांत सांगून या.

आता अफवा. सिडकोत बिबट्या येतो, हे खरे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सावतानगर आणि गोविंदनगरसारख्या भरवस्तीत बिबटे शिरले होते आणि वनविभागाने ते पकडले. पण तेव्हापासून दर थंडीत कुठले तरी जुने, कुठले तरी बनवलेले फोटो आपल्या गल्लीच्या नावाने फिरतात. आला फोटो की पुढे ढकलला, असे करू नका. स्वतः डोळ्यांनी पाहिले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि खरोखर आला असेल तर बघायला धावू नका. माणसांच्या गर्दीनेच तो बिथरतो.

पुराचेही तसेच. गंगापूर धरणातून पाणी सोडले की सगळे नाशिक गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघते. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, यावर पूर मोजायची इथली जुनी पद्धत आहे. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टात मोठे पूर आले होते. पण सिडको-इंदिरानगरकडे राहणाऱ्याने गोदावरीपेक्षा नासर्डीची काळजी करावी, आणि पाथर्डी-वडनेरकडच्याने वालदेवीची. या लहान नद्या गंगापूर धरणाच्या बातमीची वाट बघत नाहीत, दोन तासांच्या पावसात पुलाला पाणी लावतात. जोराचा पाऊस असताना नासर्डीच्या लहान पुलांवरून दुचाकी घालू नका, मुलांना शाळेतून आणायला लांबच्या रस्त्याने जा.

नळ, दिवा, खड्डा यांच्या तक्रारी महापालिकेच्या ई-कनेक्ट अ‍ॅपवर टाका आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात, त्यामुळे एकाकडे गेलात तर तो दुसऱ्याचे नाव सांगण्याची शक्यता असते. क्रमांक हातात असला की बोलणे सोपे जाते.

शेवटचे, आणि हे आत्ताच मनावर घ्यायचे आहे. सिंहस्थ कुंभमेळा येतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने. २०१५ च्या पहिल्या शाही स्नानाला पोलिसांनी इतके रस्ते बंद केले होते की इथल्याच माणसांना घराबाहेर पडणे कठीण झाले होते. त्या दिवसांत इथल्या पत्त्याचे ओळखपत्र खिशात असलेले बरे. गावाकडून पाहुण्यांचे फोन आत्तापासून सुरू होतील, कारण आपल्याकडे नाशिकला घर असलेला नातेवाईक म्हणजे सगळ्यांची हक्काची सोय. त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी नको, दोन पर्वण्यांच्या मधल्या दिवसांत या. रामकुंड तेव्हाही तेच असते, आणि म्हाताऱ्या माणसांना निवांत उतरून स्नान करता येते. कोण कधी येणार हे भावंडांत आधीच वाटून घ्या, एका वेळी एकच कुटुंब. आणि पर्वणीच्या आठवड्याचे दूध, औषधे, गॅस आदल्या आठवड्यातच भरून ठेवा.